गोधडीतल्या भोकाचा वारस

मी, बुरुलकान, कैलासवासी जुमाश यांची पत्नी, वय ब्याऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार कारा-बुलुन, ओढ्याच्या अलीकडे, नारीन प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला दबावात घेईल असं माणूस या घरात परवाच जन्माला आलंय, पण त्या पणतीला अजून मान धरता येत नाही. मी शुद्धीवर आहे याचा पुरावा म्हणजे सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. शंका असेल त्याने समोर बसून पाहावं.

ग्रामसचिव कुबातने मला दोन नियम सांगितले. एक, कलमांना आकडे घालायचे. दुसरा, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही देता येत नाही, अगदी सुईसुद्धा. हा दुसरा नियम ऐकून मला इतका आनंद झाला की मी कुबातला पुन्हा चहा दिला आणि वर मुरंबा दिला. म्हणून साक्षीदार आधीच नेमून टाकते. पहिला, गुरांचा निवृत्त डॉक्टर सुयूनबाय, कारण तो समोरच राहतो आणि त्याला दुसरं काम नाही. दुसरी, माझी थोरली जाऊ कालबुबू, राहणार ओढ्याच्या पलीकडे. तिला माझ्याकडून एक सुईही मिळू नये, आणि ती का मिळाली नाही हे तिने स्वतःच्या सहीने कबूल करावं, एवढीच माझी इच्छा. समोर मी तिला अहोजाहो करते. कागदावर करणार नाही.

कलम १. घर मुलगा तुरात याला. तो राहतोच आहे त्यात, देण्यासारखं नवं काही नाही. अट एकच. दक्षिणेच्या खिडकीखाली माझी बसायची जागा आहे, तिथे टीव्ही ठेवायचा नाही. या भागात हिवाळा अर्धं वर्ष खातो, आणि त्या अर्ध्या वर्षात घरात खरा उजेड तेवढाच येतो. टीव्हीला स्वतःचा उजेड आहे, त्याने कोपऱ्यात जावं.

कलम २. मेंढ्या आणि तांबडी घोडी, तीही तुरातलाच. मला मेंढीतलं लोकरीपलीकडे काही कळत नाही.

कलम ३. हाताने फिरवायचं शिवणयंत्र मुलगी आसिल हिला. ती राजधानीत दातांची डॉक्टर आहे आणि ते यंत्र दिवाणखान्यात मांडून त्यावर फुलदाणी ठेवेल, हे मला आत्ताच दिसतंय. ठेवू नये. हे यंत्र सामुदायिक शेतीच्या शिवणखात्यातलं आहे. खातं बंद पडलं तेव्हा प्रमुखबाईंनी प्रत्येकीला आपापलं यंत्र घरी नेऊ दिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच महिन्यात तिथे कामाला लागले. उन्हाळ्यात कामगारांचे कोट, हिवाळ्यात उशांचे अभ्रे, आणि मे महिना जवळ आला की निशाणं. लाल कापडाचे ताग्यांवर तागे. कडेच्या पट्ट्या उरत त्या प्रमुखबाई आम्हाला वाटून टाकत आणि म्हणत, "न्या गं, पण त्याचं काय केलंत ते मला सांगू नका." आता सांगायला हरकत नाही. या गावातली निम्मी बाळं निशाणाच्या कापडावर मुतून मोठी झाली आहेत. त्यांतला एक पुढे आमदार झाला.

तर लाल कापडाची मला आयुष्यात कधी ददात नव्हती. हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल.

कलम ४. मोठी कात्री आणि पितळी अंगुस्तान नातसून बेगिमाय हिला. ही पोरगी डोंगरापलीकडून आली तेव्हा तिला गाठ मारता येत नव्हती. पहिल्या हिवाळ्यात तिने शिवलेली उशी बघून मी म्हटलं, "बाळ, ही उशी आहे की बटाट्याचं पोतं?" तिने जरासुद्धा वाईट वाटून न घेता उलट विचारलं, "आजी, तुमची पहिली कशी होती?" मी विषय बदलला. माझी पहिली उशी सासूबाईंनी कुत्र्याला झोपायला घातली होती. आता बेगिमाय त्रिकोणाला त्रिकोण असा जोडते की टोकं मुंग्यांच्या मिशांसारखी भिडतात. या कात्रीने कागद कापायचा नाही. कापलात तर मी स्वप्नात येईन, आणि एकदा आले की लवकर जाणार नाही.

कलम ५. पेटीवरचा जूक, म्हणजे घड्या घालून रचलेल्या सगळ्या गोधड्या. पाहुणा घरात आला की आधी त्याची नजर जूककडे जाते, मग यजमानाकडे. माझा जूक छताला टेकतो, हे नम्रपणे नमूद करते. प्रत्येक नातवंडाला एकेक, त्यांनी भांडून निवडावी. मी घरात असताना त्यांना कधी मनसोक्त भांडू दिलं नाही, तेवढी मजा त्यांची राहून गेली आहे. राजधानीच्या पाहुण्यांना जाड्याभरड्या लोकरीच्या द्याव्यात, कारण ते घोरतात. हिरवी रेशमी तुरातच्या बायकोला. तिने ती कधी मागितली नाही, पण जूक झटकताना तिचा हात त्या घडीवर जरा जास्त वेळ राहतो, हे माझ्या डोळ्यांनी पंचवीस वर्षं पाहिलं आहे.

कलम ६. राग. ही मालमत्ताच आहे, मी मेहनतीने जमवली आहे. पाववाली बाजेकान हिच्यावरचा माझा राग (कारण: मी जोडलेल्या चादरीला ती "चिंध्या" म्हणाली) तुरातने पुढे चालवू नये, तो माझ्याबरोबर पुरावा. तिचा पाव चांगला असतो. लोकर पिंजायचं यंत्र वेळेवर न देणाऱ्या मेंढपाळावरचा राग सुयूनबायने घ्यावा, असं लिहिणार होते, पण साक्षीदाराला काही देता येत नाही. मग तो राग रद्द.

राहिला एक राग. त्याला वेगळं कलम लागेल.

कलम ७. मोठी कुराक, म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून केलेली गोधडी. ही चिंध्यांची नव्हे, माणसांची आहे. गावातली एखादी बाई पिकल्या वयात, नातवंडं-पतवंडं पाहून गेली की तिच्या कपड्याचे तुकडे फाडून आलेल्या बायकांना वाटतात. त्याला जिर्तीश म्हणतात. तिचं आयुष्य आपल्याला लाभावं म्हणून. हा तुकडा देणारीने आपणहून द्यायचा असतो. तो मागायचा नसतो, कारण मेलेल्या माणसाचं कापड मागणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहिली असं होतं. उलट बाळाच्या पहिल्या झबल्याचे तुकडे चाळीस घरांत जाऊन मागायचेच असतात. कोणी आपणहून आणून दिला तर तो चालत नाही. एक देण्याचा तुकडा, एक मागण्याचा. लहानपणापासून आमच्या मुलींना हे पाठ असतं.

माझ्या गोधडीत गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या आहेत. शाळेतली स्वयंपाकीण आहे, सुयूनबायची आई आहे, आमच्या प्रमुखबाई आहेत. फक्त मधला चौकोन नाही. मधोमध तळहाताएवढं भोक आहे, आणि ते माझ्या सासूबाईंचं आहे.

सासूबाई त्र्याण्णव वर्षं जगल्या. मला सुई धरायला त्यांनी शिकवलं. माझ्या बोटाला सुई टोचली की म्हणत, "टोचू दे, कापडाला ओळख पटते." त्यांचं लाल मखमलीचं जाकीट होतं, लग्नातलं. त्या गेल्या तेव्हा रिवाजाप्रमाणे थोरल्या सुनेने, म्हणजे कालबुबूने, ते फाडून वाटलं. मेंढपाळांच्या बायकांना मखमल मिळाली. पाववालीला मखमल मिळाली. माझ्या हातावर तिने ठेवली बाजारातल्या फुलाफुलांच्या सुती कापडाची चिंधी. आणि शेवटचा मखमली तुकडा मी माझ्या डोळ्यांनी तिच्या बाहीत जाताना पाहिला. जावा म्हटल्या की हेवादावा आलाच, पण मी सासूबाईंना सतरा वर्षं आंघोळ घातली होती. मी काही बोलले नाही. जिर्तीश मागायचा नसतो.

तिसाहून जास्त वर्षं झाली. चौकोन मोकळा ठेवला. दुसरं लाल लावू शकले असते, घरात निशाणांचं लाल भरून होतं. लावलं नाही.

मध्यंतरी प्रदर्शनाच्या एक बाई आल्या, गोधडी राजधानीला नेली, भिंतीवर टांगली आणि खाली पाटी लावली: "अनुपस्थिती". त्या भोकाला पहिलं बक्षीस मिळालं. लोक भोकासमोर उभे राहून डोळे पुसत होते. एकाने मला विचारलं, "आजी, हे कोणाचं न असणं आहे?" मी म्हटलं, "न असणं कसलं? ओढ्यापलीकडे जावेकडे आहे तो तुकडा." तो मान हलवत वहीत लिहून गेला.

म्हणून असं ठरवते. माझ्या अंत्यविधीला ही गोधडी भोकासकट बाहेर दोरीवर टांगावी. येणारा प्रत्येक जण विचारील भोक कसलं, आणि तुरातने मोठ्या आवाजात सांगावं. कालबुबू साक्षीदार म्हणून हजर असेलच. नंतर गोधडी बेगिमायला.

(इथवर लिहून कागद पेटीत ठेवला होता. मध्ये घरात काम निघालं. पुढचं त्याच कागदावर लिहिते आहे. कुबात म्हणतो नवा कागद घ्या. मी म्हटलं, उसवून पुन्हा शिवायला हे काय कापड आहे?)

कलम ८. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. काय घडलं ते लिहिते.

पणतीच्या झबल्यासाठी बेगिमाय चाळीस घरं फिरली. या घरात आजवर जितकी झबली झाली त्या सगळ्यांच्या चाळीस घरांतून मी कालबुबूचं घर वगळलेलं आहे. बेगिमायलाही बजावलं होतं. पण एक कुटुंब कामासाठी परदेशी गेलेलं, दुसरं कुरणावर, आणि पोरगी अडली एकोणचाळीसवर. तिने ओढा ओलांडला. दुपारी माझ्यापुढे पदरातले तुकडे ओतले तेव्हा सुती, लोकरी, पडद्याचे, शाळेच्या गणवेशाचे तुकडे पडले आणि त्यांच्या वर ती मखमल पडली. मी ओळखली. तिच्या कडेला सासूबाईंच्या हाताची दुमड होती.

"ही कोणी दिली?" मी विचारलं.

"ओढ्यापलीकडच्या आजींनी. मी म्हटलं, आजी, बाळासाठी तुकडा द्या. तर त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, 'अखेर मागितला म्हणायचा तुमच्या घराने.' आणि डबा उघडला." मग जरा घाबरून, "चूक झाली का, आजी?"

मी रडले. पोरगीही रडली, तिला कारण माहीत नसताना.

तो तुकडा माझ्या मांडीवर होता आणि माझ्या गोधडीतलं भोक दोन हातांवर होतं. पण बाळासाठी मागितलेला तुकडा बाळाचाच. मी तो झबल्यात शिवला, बरोबर छातीवर, इतक्या बारीक टाक्यांनी की तेवढे बारीक टाके मी लग्नाच्या कपड्यांना घातले नसतील.

चाळिसाव्या दिवशी बाळाला आंघोळ घातली, झबलं काढलं, त्यात गोळ्या आणि तळलेले बोर्सोक बांधून रिवाजाप्रमाणे कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं. पोरांनी कुत्र्यामागे धावायचं, पकडून खाऊ लुटायचा. आणि कुत्र्याच्या गळ्यातून झबलं जिच्या हाताने निघेल ते तिचं. मला वाटलं, आमचा बोयनोक म्हातारा आहे, दारापर्यंत जाईल आणि बसेल, मग मी वाकून काढून घेईन. बोयनोक बसला नाही. पोरांची आरोळी ऐकून असा सुटला की तरण्या कुत्र्यांनी पाहत राहावं. मागे पोरं, पोरांमागे बेगिमाय, तिच्यामागे काठी टेकत मी. सुयूनबाय आपल्या ओट्यावरून ओरडला, "बुरुलकान, पैज लावू का कोणावर?" मी म्हटलं, "कुत्र्यावर लावा, तोच शुद्धीवर आहे."

तो थेट ओढ्यात उतरला, पलीकडे चढला आणि कालबुबूच्या अंगणात जाऊन तिच्या पायाशी लोळला. ती त्याला रोज हाडं घालते, हे मला त्या दिवशी कळलं. माझा कुत्रा! मी फळकुटावरून ओढा पार करून पोहोचेपर्यंत पोरांनी खाऊ लुटला होता आणि झबलं कालबुबूच्या हातात होतं. मखमल पुन्हा तिची झाली.

आम्ही दोघी समोरासमोर उभ्या. धाप माझी एकटीची ऐकू येत होती.

"बस," ती म्हणाली. "पडशील, आणि गाव म्हणेल मी ढकललं."

"जाऊबाई, ते झबलं..."

"काय झबलं? मोठ्याने बोल. कान गेलेत माझे."

कान चांगले आहेत तिचे. गवत वाढलेलं ऐकते ती.

"त्यातला तुकडा," मी म्हटलं.

"त्याचं काय?"

सुंभ जळतो तरी पीळ जात नाही म्हणतात. माझाही गेला नव्हता. पण अंगणात अख्ख्या गावाची पोरं होती, आणि मी ब्याऐंशीची होते. तुकडा पुन्हा डब्यात गेला असता तर आमच्या दोघींच्या हयातीत पुन्हा बाहेर आला नसता.

"द्या मला," मी म्हटलं. "मागते आहे."

कालबुबू मटकन ओट्यावर बसली. "किती वर्षं लावलीस गं, भवाने!"

"मी का मागायचा? जिर्तीश होता तो! जिर्तीश कोणी मागतं?"

"जिर्तीश संपला होता! वाटता वाटता माणसं आवरेनात. शेवटी तुकडा राहिला एक आणि आपण दोघी. सगळ्या गावासमोर घरच्या बाईच्या हातावर मखमल ठेवली असती तर बायांनी मला फाडून वाटलं असतं. म्हणून तुला चिंधी दिली आणि तो बाहीत घातला. म्हटलं, उरलेला तुकडा हा मागण्याचा तुकडा. उद्या येईल, मागेल, देईन. नातू झाला, वाटलं आता येशील. नात झाली. तुझी सून दारावरून जायची आणि पुढच्या घरात शिरायची. मी डबा पुसून ठेवायची."

मी देण्याची वाट पाहत होते, ती मागण्याची. दोघी रिवाजाला अगदी धरून होतो.

"मग एकदा सांगायचं तरी!" मी म्हटलं.

"आपणहून दिला तर चालत नाही ना," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि मीही, आणि ते शहाणं कुत्रं दोघींच्या मध्ये बसून उरलेला बोर्सोक खात होतं.

कलम ९. मोठ्या गोधडीचं भोक भरलं आहे. तुकडा जाऊबाईंनी झबल्यातून उसवला, मी लावला. चौथी बाजू त्यांनी शिवली. ते टाके वाकडे आहेत, कोणी सुधारू नयेत. प्रदर्शनाच्या बाईंनी विचारलं तर सांगावं की अनुपस्थिती संपली. बक्षीस परत हवं असेल तर कळवावं.

कलम सातमधली दोरीवर टांगण्याची गोष्ट रद्द. तुरातने ओरडून काही सांगू नये, त्याचा आवाज तसाही बसलेला असतो.

आज कुबात दोन्ही साक्षीदारांना घेऊन आला. सुयूनबायने न वाचता सही केली. जाऊबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचलं, ओठ हलवत. कुबातचे कान लाल झाले. मी चहाकडे पाहत बसले.

"म्हणजे मला साक्षीदार केलंस," त्या म्हणाल्या, "ते काही मिळू नये म्हणून."

"हो."

"बरं केलंस. मला नकोच तुझं काही. आण रे कुबात, पेन."

त्यांनी पेन कागदाला लावलं आणि मी ते हातातून काढून घेतलं. कुबात म्हणाला, "आजी, हे असं करता येत नाही." मी म्हटलं, "करून झालं."

मोठी कुराक गोधडी, मधल्या चौकोनासह, माझ्यामागे माझ्या जाऊबाई कालबुबू यांना. त्यांनी ती मागितलेली नाही, म्हणून. त्यांच्यानंतर बेगिमायला.

हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. जाऊबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "अगं, मी अठ्ठ्याऐंशीची. तू माझ्याहून लहान. तुझी गोधडी घ्यायची तर मला तुझ्यामागे राहावं लागेल."

"मग राहा ना. कोण जा म्हणतंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, चहा गार झाला.

त्या माझ्या आधी गेल्या तर हे कलम आपोआप रद्द होईल, असं कुबात म्हणतो. कायदा तसा असेल. मी तशी परवानगी देत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, खाडाखोड माझी आहे, खाडाखोडीजवळची अक्षरं माझी आहेत, आणि हा मजकूर मला मान्य आहे.

साक्षीदार पहिला: सुयूनबाय (सही)
साक्षीदार दुसरी: कालबुबू. नाव खोडले. कारण: वारस.
तिच्या जागी: बाजेकान, पाववाली (सही). हिला काही दिलेले नाही. राग धरला होता, तोही मागे घेतला.

स्थळ: कारा-बुलुन, ओढ्याच्या अलीकडे, दक्षिणेची खिडकी
दिनांक: ६ जून २०१९
बुरुलकान (सही)

(याखाली वारसाने सही करण्याचे कारण नाही, असे कुबातने तिला सांगितले. तिने ऐकले नाही.)

वाचले. राहते.
कालबुबू